भस्म कोणाचे?

कोणत्याही समाजाने काय स्मरणात ठेवावयाचे ठरविले आहे, हे त्याच्या सभांतील ठरावांपेक्षा त्याच्या घरांतील पुस्तकांच्या कपाटावरून अधिक चांगले कळते. ठरावाचे आयुष्य एका दिवसाचे असते. कपाटातील पुस्तक बाप वाचतो, मुलगा वाचतो आणि पुष्कळदा नातूही वाचतो. या दृष्टीने मराठी सुशिक्षित कुटुंबातील कपाटाकडे पाहिले असता दुसऱ्या महायुद्धासंबंधी तेथे जी ग्रंथसंपत्ती आढळते, ती विचार करावयास लावणारी आहे. वि. स. वाळिंबे यांचे 'हिटलर' व 'वॉर्सा ते हिरोशिमा', वि. ग. कानिटकर यांचा 'नाझी भस्मासुराचा उदयास्त', आणि स्वतः हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद, ही पुस्तके आमच्या वाचकांस नवी नाहीत. रस्त्यावरील पुस्तकविक्याकडे तर यांतील शेवटच्या पुस्तकाची जागा यशस्वी उद्योगपतींच्या चरित्रांशेजारी जणू ठरून गेलेली आहे.

गोबेल्स, गोअरिंग, हिमलर, आइखमन ही नावे शाळेतील मुलासही ठाऊक असतात. परंतु या मंडळींनी ज्या सुमारे साठ लक्ष यहुद्यांना योजनापूर्वक ठार मारले, त्यांपैकी एकाचे नाव सांगा असे म्हटले तर ॲन फ्रँक हे उत्तर येते, आणि दुसरे नाव विचारले की वर्ग स्तब्ध होतो. मारणारे नावागावासह लक्षात राहिले. मेलेले केवळ आकड्याने राहिले. ही जी विषमता आहे ती ज्ञानाच्या अभावी झालेली नाही, कारण मारणाऱ्यांविषयी ज्ञान मिळविण्यास आपण आळस केलेला नाही. ती आपल्या वाङ्मयीन रुचीतून उत्पन्न झालेली आहे, असे आमचे मत आहे. आणि म्हणूनच तिचा विचार इतिहासाच्या नव्हे तर टीकेच्या प्रांतात करणे युक्त ठरेल.

प्रथम एका नामाभिधानाचाच विचार करू. कानिटकरांनी आपल्या ग्रंथाच्या नावात नाझी सत्तेला भस्मासुराची उपमा दिली, आणि ती इतकी चपखल बसली की पुढे मराठीत तो जवळजवळ रूढ शब्दप्रयोगच झाला. या उपमेचे दोन गुण मान्य केले पाहिजेत. भस्मासुर स्वतःच्या सामर्थ्याने भस्मासुर झाला नाही. त्याला वर मिळाला होता. हिटलरलाही वर मिळाला. १९३२ च्या जुलैमधील निवडणुकीत शंभरांतील सदतीस जर्मन मतदारांनी त्याच्या पक्षास मत दिले, आणि ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्षाने त्याला यथाविधि चॅन्सेलरपदी बसविले. दुसरा गुण असा की, भस्मासुराचा हात शेवटी त्याच्याच मस्तकावर पडतो; तोही अर्थ येथे लागू आहे.

परंतु उपमा जितकी चांगली, तितकीच ती आपल्याकडून एखादी गोष्ट नकळत लपवूनही ठेवते. पुराणातील कथेत शंकर पळतात, विष्णू मोहिनीरूप घेतात, नृत्य होते आणि असुर जळून जातो. त्या कथेत ठळकपणे भस्म होतो तो असुरच. दुसऱ्या कोणाच्या राखेकडे पाहण्याचा प्रसंग श्रोत्यावर येत नाही. इतिहासातील हकीकत याच्या उलट आहे. एकट्या ओश्विट्झच्या छावणीत सुमारे अकरा लक्ष माणसे मेली, त्यांतील जवळजवळ दहा लक्ष यहुदी होती; त्यांची राख आसपासच्या तळ्यांत आणि विस्तुला नदीत टाकण्यात आली. उदय आणि अस्त या दोन शब्दांत जी कथा बसते ती सत्तेची कथा होय. ज्यांचा उदय कधी झालाच नव्हता, जे आपल्या गावात शिवणकाम, दुकानदारी किंवा मास्तरकी करीत होते, त्यांच्या मरणाला या आकृतीत स्थान कोठे मिळणार? आमचा आक्षेप ग्रंथकाराच्या व्यासंगावर नाही. वाचकाने ती आकृती स्वीकारली आणि भस्म कोणाचे झाले हा प्रश्न विचारण्याचे सोडून दिले, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

'असुर' या शब्दातही एक सोय दडलेली आहे. असुराचे पाप असुराकडे राहते. आपण माणसे निर्दोष सुटतो. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वान्से येथे यहुद्यांच्या संहाराची व्यवस्था ठरविण्यासाठी जी बैठक भरली, तिला पंधरा अधिकारी उपस्थित होते आणि त्यांपैकी आठ जण विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविलेले होते. ज्यांनी आयुष्य विद्यादानात घालविले त्यांना हा आकडा विसरता येणार नाही. त्या बैठकीतील कोणास शिंगे नव्हती. त्यांच्यापुढे टिपणे होती, देशवार आकड्यांचे कोष्टक होते. पुढे आगगाड्यांची वेळापत्रके आखणारे कारकून, भाडे आकारणारे हिशेबनीस आणि विषारी वायूचे डबे पुरविणारे व्यापारी, अशी साखळी तयार झाली. पदवी, नोकरी आणि शिस्त या तीन गोष्टींचा मान ज्या मध्यमवर्गात सर्वांत जास्त, त्याच वर्गातून ही माणसे आली होती. असे असता त्यांना असुर म्हणणे म्हणजे आरशावर पडदा टाकणे होय.

आता आपल्या रुचीचे मूळ पाहू. मराठी चरित्रवाङ्मय थोर आहे, परंतु त्याची मापनपट्टी मुख्यतः एकच राहिली: कर्तृत्व. पराक्रम, निर्धार, संघटना, वक्तृत्व हे गुण दिसले की आमची लेखणी आणि आमचा वाचक दोघेही पुलकित होतात. ही पट्टी शिवचरित्राला लावली असता काही बिघडत नाही, कारण तेथे पराक्रमाला रयतेच्या कल्याणाची आणि परस्त्रीविषयीच्या आदराची मर्यादा आहे. तीच पट्टी हिटलरला लावली की "माणूस क्रूर खरा, पण कर्तबगार!" हे वाक्य निघते. आमच्या वाचकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकले असेलच. त्यातील 'पण' या दोन अक्षरांखाली साठ लक्ष माणसे पुरलेली आहेत.

या कौतुकाला एक ऐतिहासिक कारणही होते. पारतंत्र्याच्या काळात इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र, अशी भावना स्वाभाविक होती, आणि जर्मनीच्या चढत्या बळाकडे आपल्यातील अनेकांनी आशेने पाहिले. १९३९ साली तर जर्मनीने चालविलेल्या यहुद्यांच्या हकालपट्टीत राष्ट्राभिमानाचा उत्कर्ष पाहणारे लेखनही आपल्या देशात प्रसिद्ध झाले. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला गांधीजी होते. २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये त्यांनी यहुद्यांविषयी मनःपूर्वक सहानुभूती व्यक्त केली, परंतु त्यांना सत्याग्रहाचा मार्ग सुचविला. त्यावर मार्टिन बूबर या यहुदी तत्त्ववेत्त्याने जेरुसलेमहून १९३९ साली विस्तृत उत्तर लिहिले. जो शत्रू साक्षीदारच शिल्लक ठेवीत नाही त्याच्यापुढे आत्मक्लेशाची साक्ष कोणी द्यावी आणि कोणापुढे द्यावी, असा त्या वादाचा मथितार्थ आहे. तेव्हा प्रत्यक्ष संहार व्हावयाचा होता. कल्पना अपुरी पडली याचा दोष कोणास देणे कठीण आहे. परंतु आज ती सबब कोणास उरलेली नाही. १९४५ नंतर छायाचित्रे, कागदपत्रे, खटल्यांतील साक्षी सर्व काही जगापुढे आहे. आणि तरीही २००६ साली नवी मुंबईत खारघर येथे एका उपाहारगृहास हिटलरचे नाव द्यावे असे कोणास वाटले! मुंबईतील यहुदी मंडळींनी हरकत घेतली, तेव्हा ते नाव बदलण्यात आले. ते नाव यहुद्यांच्या द्वेषाने दिले होते असे आम्हांस वाटत नाही. ते लोकांच्या डोळ्यांत भरेल म्हणून दिले होते. आणि आमच्या दृष्टीने हीच अधिक चिंतेची बाब होय. महाराष्ट्रात यहुद्यांचा द्वेष फारसा नाही, हे खरे. परंतु यहुद्यांच्या द्वेष्ट्याचे कौतुक आहे, आणि ते निरुपद्रवी मानले जाते.

येथे कोणी म्हणेल की, मराठी वाचकाने ॲन फ्रँकची रोजनिशीही वाचली आहे. मग ही तक्रार कशासाठी? रोजनिशी वाचली गेली, हे चांगलेच झाले. परंतु ती कशी वाचली जाते? ॲनला ही वही १९४२ साली तिच्या तेराव्या वाढदिवसास मिळाली, आणि ४ ऑगस्ट १९४४ रोजी पोलिसांनी ते लपण्याचे ठिकाण शोधून काढले तेव्हा तिचे लेखन थांबलेले होते. म्हणजे रोजनिशी जेथे संपते तेथून पुढे छावणी सुरू होते. त्यानंतरचे सहा-सात महिने, ओश्विट्झचा प्रवास, आणि १९४५ च्या आरंभी बेर्गेन-बेल्सेन येथे रोगाने आलेले मरण, हे त्या पुस्तकात नाही आणि असू शकत नाही. वाचकाच्या हाती उरते ती एका हुशार, चिडखोर, प्रेमळ मुलीची संगत. त्या संगतीने डोळे ओले होतात, मन हलके होते आणि पुस्तक मिटते. करुणरसाचा असा परिपाक झाला की वाचकास आपण कर्तव्य केले असे वाटू लागते. उत्तम पुस्तकाचाही असा सोपा उपयोग होऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

याच्या शेजारी आम्ही ज्याचे पुस्तक ठेवू, त्या लेखकाची मराठी घरांत अजून फार थोड्यांना ओळख आहे. प्रीमो लेव्ही हा इटलीतील तुरीन शहराचा रसायनशास्त्रज्ञ. त्याला १९४४ साली ओश्विट्झला नेण्यात आले, आणि जवळच मोनोविट्झ येथे एका बड्या जर्मन रसायन कंपनीसाठी कृत्रिम रबराचा जो कारखाना उभारला जात होता तेथे त्याला राबविण्यात आले. १९४७ साली त्याने आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्या पुस्तकाचा विशेष म्हणजे त्याचा स्वर. लेखक रडत नाही, शाप देत नाही. प्रयोगशाळेतील निरीक्षणे लिहावीत तशा काटेकोरपणे तो भाकरीचे तुकडे, बुटांची मापे आणि हजेरीचे तास नोंदवितो. वाचकाला रडण्याची सवलत मिळत नसल्यामुळे त्याला विचार करावा लागतो. आणि विचार करता करता त्याच्या ध्यानात येते की, येथे ज्या गोष्टीचे वर्णन चालले आहे तिचे नाव छावणी असले तरी पुष्कळ अंशी तो कारखाना आहे: पाळ्या, मुकादम, उत्पादनाचा तक्ता आणि हिशेब.

आम्ही ज्या भोसरीत राहतो तेथील वाचकांस हे शब्द परके नाहीत. भोसरीच्या लहान कारखान्यांत तयार झालेले सुटे भाग ज्या रस्त्याने चाकणकडे जातात, त्याच परिसरात २००९ साली फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. येथील अनेक मुलांचे शिक्षण आणि संसार अशा कारखान्यांवर उभे आहेत, आणि त्याबद्दल कोणी संकोच बाळगण्याचे कारण नाही. परंतु त्या नावामागचा इतिहास ठाऊक असणे बरे. या कंपनीच्या जर्मनीतील मूळ कारखान्याची कोनशिला २६ मे १९३८ रोजी स्वतः हिटलरने बसविली होती. युद्धकाळात तेथे सुमारे वीस हजार माणसांना सक्तीने राबविण्यात आले. त्यांत छळछावण्यांतून आणलेले कैदी होते, ओश्विट्झहून आणलेल्या यहुदी स्त्रिया होत्या. सक्तीने राबविल्या जाणाऱ्या पोलिश व रशियन स्त्रियांची तान्ही मुले आईपासून तोडून ज्या शिशुगृहात ठेवीत, तेथे १९४४-४५ मध्ये साडेतीनशेच्या आसपास अर्भके दगावली. त्या शिशुगृहाची जबाबदारी असलेल्या कारखान्याच्या डॉक्टरास युद्धानंतर ब्रिटिश न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली.

ही माहिती कोणा शत्रूने पसरविलेली नाही. कंपनीनेच हान्स मॉमझेन या नामांकित इतिहासकाराकडे हे काम सोपविले आणि त्याचा सुमारे हजार पानांचा ग्रंथ १९९६ साली बाहेर आला. १९९८ साली सक्तीच्या मजुरांसाठी निधी उभारण्यात आला. कारखान्याच्या आवारातच स्मृतिस्थळ करण्यात आले. आणि त्या कारखान्यातील उमेदवार कामगारांच्या तुकड्या ओश्विट्झच्या स्मारकाची निगा राखण्याच्या कामासाठी अनेक वर्षे जात आलेल्या आहेत. हे सर्व घडावयास पन्नास वर्षे लागली, हेही विसरू नये. तथापि सतरा-अठरा वर्षांचा उमेदवार हातात पाना किंवा फावडे घेऊन त्या कुंपणाची दुरुस्ती करतो, हे स्मरण आम्हांस पुष्कळ भाषणांहून खरे वाटते. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकून याच नावाच्या कारखान्यात जाणाऱ्या मुलाला या इतिहासाची दोन पाने वाचावयास मिळू नयेत का?

स्मरण कसे करावे याचा धडा घेण्यासाठी मात्र जर्मनीपर्यंत जाण्याचे कारण नाही. तो धडा मराठीत, आणि पुण्यातच, १८७४ साली छापलेला आहे. वल्हांडण सणाच्या रात्री यहुदी घरांत जो पाठ वाचतात त्याला हग्गादा म्हणतात. त्याची हिब्रू संहिता व मराठी भाषांतर असलेली आवृत्ती त्या वर्षी पुण्यात निघाली. तिच्यातील चित्रांत सणाची भाकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडच्याच वेषात दिसतात. ज्यांच्यासाठी ती छापली ते बेने इस्राएल कोकणात कित्येक शतके राहत आले होते. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असे ते सांगतात. तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. दिवेकर, पेणकर, नागावकर, केहिमकर ही त्यांची आडनावे कुलाबा जिल्ह्याच्या नकाशावरूनच घेतलेली आहेत. युरोपात यहुद्याला नाव ठेवताना त्याच्या कथित लोभाकडे बोट दाखवीत. आमच्या कोकणाने त्याला त्याच्या विश्रांतीच्या वारावरून ओळखले. मराठी भाषेच्या श्रेयाच्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांत आम्ही हिची गणना करतो.

हग्गादाच्या पाठात घरातील सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते आणि वडील माणसे उत्तर देतात. मिसर देशातील दास्य हे पूर्वजांचे म्हणून सांगावयाचे नाही. जणू आपण स्वतः तेथून सुटून आलो अशा भावनेने सांगावयाचे, असा दंडक आहे. शत्रूंवर कोसळलेल्या आपत्तींचा उल्लेख येतो तेव्हा अनेक घरांत पेल्यातील द्राक्षरसाचे थेंब बाहेर काढून ठेवतात. शत्रूच्या का होईना, पण दुःखाने आपला आनंद तेवढा उणा व्हावा, असा त्याचा अर्थ लावतात. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा जो उपवास, त्याला कोकणातील यहुदी बिरड्याचा रोजा म्हणत, कारण तो वालाच्या बिरड्याने सोडीत. हजारो कोस दूरच्या आणि कित्येक शतकांपूर्वीच्या विध्वंसाची आठवण ज्यांनी एका पातेल्यात जपली, त्यांच्यापासून आपल्या वाङ्मयाने शिकण्यासारखे पुष्कळ आहे: प्रश्न मुलाने विचारावा, उत्तर 'आम्ही' या सर्वनामाने द्यावे, आणि आठवण रोजच्या जिनसांत गुंफावी.

येथे आत्मसंतोषाचा मोह आवरला पाहिजे. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीतील यहुद्यांचे नागरिकत्व हिरावले, आणि १९३७ साली मुंबईच्या महापौरपदी डॉ. ई. मोझेस हे बेने इस्राएल गृहस्थ होते. ही तुलना अभिमानाची आहे खरी. परंतु यहुदीद्वेषाचा अग्नी आपल्या किनाऱ्यावर कधी पेटलाच नाही, असे म्हणता येत नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही तो वैद्य होता. आपल्याकडील औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्याचे घराणे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या यहुद्यांचे. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले, आणि १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे उकरून काढून ती जाळली. या न्यायासनाचा इतिहास अ. का. प्रियोळकरांसारख्या आपल्याच विद्वानाने १९६१ साली ग्रंथरूपाने मांडला आहे. म्हणजे भस्म कोणाचे, या प्रश्नाचे एक उत्तर मांडवीच्या तीरावरही आहे.

ओर्ताचे नाव घेतले की वाल्डेमार हाफकिन आठवतो. ओडेसाच्या या यहुदी शास्त्रज्ञाला यहुदी म्हणून मायदेशात पुढे येणे अशक्य झाले. त्याने १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. वॉल्टर कॉफमन आठवतो. तो १९३४ साली युरोपातून मुंबईस आला, आणि आकाशवाणीची जी परिचयधून ऐकून मराठी घरे कित्येक वर्षे जागी झाली ती त्याची मानली जाते. अशी नावे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती कृतज्ञतेची पद्धत आहे. परंतु त्यात एक धोका आहे, तो सांगितलाच पाहिजे. यहुद्यांनी लस शोधली, रुग्णालये बांधली, संगीत दिले, म्हणून त्यांना मारणे वाईट, असा अर्थ त्यातून निघू लागला तर आपण नकळत मारणाऱ्याच्याच तराजूत माणूस घातला असे होईल. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरवावयाची हीच तर छावणीच्या दारातील निवड होती; एका बाजूला काम करू शकणारे, दुसऱ्या बाजूला म्हातारे आणि मुले. संहारात सुमारे पंधरा लक्ष मुले मेली. त्यांनी कोणावर कसलेच उपकार केलेले नव्हते.

आणि हे प्रकरण १९४५ साली मिटलेले नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर जो हल्ला झाला त्यात हल्लेखोरांनी प्रसिद्ध हॉटेले व रेल्वेस्थानक निवडले, याचे कारण समजते. कुलाब्याच्या एका गल्लीतील नरिमन हाउस त्यांनी का निवडले, याचे कारण एवढेच की तेथे यहुदी होते. रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चार जण तेथे मारले गेले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे याला घेऊन सँड्रा सॅम्युएल ही त्याची दाई बाहेर पडली, म्हणून तो वाचला. हल्ल्यातील १६६ मृतांचे स्मरण आपण दरवर्षी करतो, पण त्यांतील सहा जण कोणत्या कारणासाठी निवडले गेले याचा उच्चार क्वचितच होतो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत पिट्सबर्ग येथील प्रार्थनामंदिरात अकरा जण मारले गेले, कारण तेच.

आजच्या यहुदीद्वेषाची भाषा जुनी आहे, वाहन तेवढे नवे आहे. मूठभर यहुदी गुप्तपणे साऱ्या जगाच्या पेढ्या आणि सरकारे चालवितात, ही बतावणी रशियात १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या एका बनावट दस्तऐवजावर आधारलेली आहे. तो दस्तऐवज चोरलेल्या मजकुराचा असल्याचे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ साली सिद्ध केले. शंभर वर्षांपूर्वी उघडे पडलेले हे असत्य आज भ्रमणध्वनीवरून मराठीत येते, आणि ज्याने आयुष्यात एकही यहुदी पाहिला नाही असा सुशिक्षित गृहस्थ ते "विचार करण्याजोगे" म्हणून पुढे पाठवितो. दुसरीकडे इस्राएल राज्याच्या कारभारावर जो तो मत देत असतो. राज्याच्या धोरणावर टीका करण्याचा हक्क सर्वांस आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी मारल्या गेलेल्या इस्राएली माणसांविषयी जसे दुःख व्हावे, तसेच त्यानंतर गाझात मेलेल्या हजारो मुलाबाळांविषयीही व्हावे. ते थेंब पेल्यातून काढून ठेवण्याची रीत यहुद्यांनीच घालून दिली आहे. परंतु राज्याच्या कृत्याचा जाब रास्ता पेठेतील प्रार्थनामंदिरात जाणाऱ्या म्हाताऱ्याकडे मागणे हा द्वेषच होय. आणि जो मनुष्य सामर्थ्यासाठी इस्राएलचा गौरव करतो व त्याच कारणासाठी हिटलरचेही पुस्तक डोक्यावर घेतो, त्याच्याविषयी काय म्हणावे? असे वाचक आहेत, आणि त्यांना या दोन गौरवांत विसंगती दिसत नाही. कारण त्यांच्या दृष्टीपुढे माणूस नाहीच, फक्त बळ आहे.

तेव्हा उपाय काय? हिटलरवरील पुस्तके जाळावीत असे आम्ही सुचविणार नाही. पुस्तके जाळण्याचा कार्यक्रम १९३३ च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये झालेला आहे. त्यांच्या शेजारी दुसरी पुस्तके आणावीत, एवढीच आमची मागणी आहे. लेव्हीसारख्या साक्षीदारांचे लेखन चांगल्या मराठीत घरोघर पोहोचावे. हाएम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली लिहिलेला बेने इस्राएलांचा इतिहास १९३७ साली तेल अवीवमध्ये इंग्रजीत छापला गेला. आपल्याच शेजाऱ्यांचा हा इतिहास मराठी वाचकाच्या हाती असावा. इस्राएलात गेलेल्या या मंडळींनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले; आपण त्यांच्यासाठी किती पाने लिहिली? १९४८ नंतर त्यांच्यातील बहुतेक तिकडे गेले, आणि आज साऱ्या भारतात यहुद्यांची संख्या पाच हजारांच्या आत आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला; वाङ्मयात त्यांना अद्याप तोही मिळालेला नाही.

जेरुसलेम येथे याद वाशेम नावाची संस्था मृतांची नावे एकेक करून गोळा करीत आली आहे. त्या नावाचा अर्थच 'स्मारक आणि नाव' असा आहे, आणि आजवर ४८ लक्षांहून अधिक नावे तिने जमविली आहेत. उरलेली अनेक नावे कधीच मिळणार नाहीत, कारण ती सांगणारे कोणी राहिले नाही. २७ जानेवारी हा ओश्विट्झच्या मुक्ततेचा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली स्मरणदिन म्हणून ठरविला. आपल्या नित्याच्या सणवारांत त्याची भर घालावी असे नाही. परंतु त्या दिवशी एखाद्या घरात, एखाद्या वाचनालयात त्या यादीतील दहा नावे गावासह मोठ्याने वाचली, आणि घरातील लहान मुलाने "ही कोण माणसे?" असे विचारले, तर त्याला उत्तर देता येईल एवढी तयारी मोठ्यांनी करून ठेवावी. आमच्या कपाटातील पुस्तकांनी ती तयारी अजून करून दिलेली नाही.